थोडक्यात, ठीक आहे

(दुपार. जेवणाच्या टेबलावर पुस्तकं आणि वह्या. आतल्या खोलीत बाळ झोपलंय, म्हणून सगळं बोलणं दबक्या आवाजात.)

ती : ताईने तेव्हाच बजावलं होतं. म्हणाली, बाकी काय हवं ते दुसऱ्याकडून करून घे, नोट्स तेवढ्या स्वतःच्या हाताने काढ. आणि मी काय म्हटलं? आमच्या घरातच तज्ज्ञ आहे, तू नको काळजी करू.

नवरा : मग, खोटं काय बोललीस? ऑफिसातल्या प्रत्येक मीटिंगचं इतिवृत्त मीच लिहितो. दिवसभर एकमेकांच्या उरावर बसतात आणि मी ते एका पानात बसवतो. साहेब न वाचता सही करतात.

ती : न वाचताच करत असतील.

नवरा : टोमणा कळला. पण उद्या परीक्षा आणि आज मूळ पुस्तक उघडून बसायचं, हे कुठलं शास्त्र? आज फक्त नोट्स. त्यासाठीच काढल्यात ना त्या?

ती : हळू. उठेल तो. आत्ताच कुठे डोळा लागलाय.

नवरा : हळूच बोलतोय.

ती : माझ्या आईचा फोन आला होता आज?

नवरा : आला होता सकाळी. ठीक आहे सगळं. तू वाच.

ती : वाचतेच आहे. वाचता वाचता शंका आली म्हणून पुस्तक उघडलं. हा वाचनालयांवरचा उतारा. आधी तू काढलेली नोट वाच.

नवरा : "वाचनालयांत येणाऱ्यांची संख्या वाढली. जागा अपुरी पडू लागली. समाजात वाचनाची आवड वाढत आहे." सुटसुटीत आहे की. पाठ करायलाही सोपं.

ती : आता पुस्तकात बघ. तिसरा परिच्छेद.

नवरा : "समाजात वाचनाची आवड वाढत आहे, असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु..."

ती : का थांबलास? वाच ना पुढे.

नवरा : "परंतु येणाऱ्यांपैकी बहुतेक जण आपापली पुस्तके घेऊन येतात आणि शांत जागा, दिवा व पंखा यांसाठी बसतात. कपाटांतली पुस्तके घरी नेणारे मात्र कमी होत चालले आहेत." हं.

ती : हं काय? लेखक आधी लोक काय म्हणतात ते सांगतो आणि मग तेच खोडून काढतो. तुझ्या नोटमध्ये लोक राहिले, लेखक गेला.

नवरा : अगं, मी प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य उचलतो. मुद्दा तिथेच असतो. "असे सर्वत्र सांगितले जाते" हे मला भरताड वाटलं. काढून टाकलं.

ती : भरताड! त्या एवढ्याशा भरताडावर अख्खा उतारा उभा आहे. हेच उद्या पेपरात आलं असतं तर मी छातीठोकपणे उलटं लिहून आले असते. वर घरी येऊन तुला म्हटलं असतं, छान गेला पेपर.

नवरा : एका उताऱ्यावरून सगळ्यांवर पाणी फिरवू नकोस.

ती : एकच नाहीये. पाण्याच्या टाक्यांवरचा बघितला, त्यातलं "तरीही" गायब. शाळेच्या वेळांवरच्यात "काही ठिकाणी" होतं, ते तू "सगळीकडे" केलंस. तुझ्या नोट्समध्ये जगात कुठे अडचणच नाही रे. सगळं कसं मार्गी लागलेलं!

नवरा : तू त्याला पाजत बसायचीस, त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायचीस, तेव्हा ऑफिसातून आल्या आल्या, बूटही न काढता मी हे वाचत होतो. ते कुणाच्या लक्षात आहे का?

ती : आहे रे लक्षात. म्हणूनच तर आजपर्यंत पुस्तक उघडलं नाही मी. तुझ्या कष्टांवर शंका घेतल्यासारखं वाटलं असतं.

नवरा : बरं. रडायचं काम नाही. आता काय करायचं ते सांग. पहिलं काय, दुसरं काय?

ती : ताई सांगायची तसं करू. आधी पेन खाली. उतारा नुसता वाचायचा, एकदा सरळ, शेवटपर्यंत. काही अधोरेखित करायचं नाही. मी तर सगळंच करते, पानभर पिवळा रंग. मग पुस्तक मिटायचं आणि स्वतःला विचारायचं, या माणसाला मला काय पटवून द्यायचंय? ते आपल्या शब्दांत लिहायचं. आणि मग परत उघडून "परंतु", "मात्र", "तरीही" शोधायचे. त्यातला एक जरी आपल्या लिहिण्यात आला नसेल तर समजायचं, काहीतरी सांडलं.

नवरा : एवढं सगळं आजच्या आज? एवढे उतारे?

ती : जेवढे होतील तेवढे. तू वाच, मी ऐकते. मग मी सांगते आणि तू पुस्तकाशी ताडून बघ. पण थांब. आधी एक विचारू?

नवरा : विचार.

ती : सकाळी आई काय म्हणाली?

नवरा : सांगितलं ना. ठीक आहेत.

ती : "ठीक आहे" हे तिने म्हटलं, की तू?

नवरा : म्हणजे?

ती : तिचे शब्द सांग. पहिल्यापासून.

नवरा : शब्द कोण लक्षात ठेवतं? मी विचारलं, आई, कशा आहात, ठीक ना? त्या म्हणाल्या, हो. तुझा अभ्यास विचारला, बाळाचं विचारलं. झालं.

ती : म्हणजे "ठीक" तुझं. तिचं फक्त "हो".

नवरा : आता तू उताऱ्यासारखी माझीही उलटतपासणी घेणार?

ती : अभ्यासात व्यत्यय नको म्हणून माझा फोन तुझ्याकडे दिल्यापासून मी तिचा आवाज ऐकलेला नाही. रोज तू सांगतोस, ठीक आहे. मी ते पाठ करून पुढचं पान उलटते. सांग ना. बोलताना कशी वाटली?

नवरा : कशी म्हणजे... जरा थांबत थांबत बोलत होत्या. अर्धं वाक्य, मग थोडं थांबून उरलेलं. जिना चढून आल्या असतील.

ती : कुठला जिना? आई तळमजल्यावर राहते.

नवरा : ...हो की.

सासूबाई : (आतल्या खोलीतून येत) काय कुजबुज चाललीय? माझी झोपमोड होऊ नये म्हणून असेल तर राहू दे, मी जागीच आहे. बाळ उठलाय. रडत नाहीये, छताकडे बघून गप्पा मारतोय.

ती : अहो आई, या ना, बसा. परवा माझ्या आईचा फोन तुम्ही घेतला होता ना? हा अंघोळीला गेला होता तेव्हा?

सासूबाई : घेतला होता. ह्याला सांगितलं की सगळं.

नवरा : सांगितलं म्हणजे! आई, तू सुरुवात केलीस दुधाच्या पातेल्यापासून. माझी बस चुकायची वेळ आली.

सासूबाई : मग पातेलं होतंच ना गॅसवर. ते उतरवल्याशिवाय फोन कसा घेणार? तुला आपलं नेहमीचं, थोडक्यात सांग, थोडक्यात सांग. लहानपणीही गोष्ट ऐकताना विचारायचास, शेवटी राजा मेला का तेवढं सांग.

ती : मला थोडक्यात नको. पातेल्यापासून सांगा.

सासूबाई : खरंच? बघ हं. म्हणजे झालं असं, दूध वर आलेलं आणि फोन वाजायला लागला. मी गॅस बंद केला, पदराला हात पुसले, घेतला. विहीणबाई म्हणाल्या, तुम्ही का घेतलात, जावई नाहीत का? मी म्हटलं, अंघोळीला गेलाय, तासभर तरी बाहेर येत नाही.

नवरा : आई!

ती : तू मध्ये बोलू नकोस.

सासूबाई : मग म्हणाल्या, बाळाचे दात आले का? मी म्हटलं, खालचा एक दिसतोय, पण परवा त्याने माझं बोट चावलं, तेव्हा वरचाही असावा. हसल्या. हसताना खोकला आला त्यांना. बराच वेळ. मी म्हटलं, पाणी प्या, मी थांबते. तर म्हणाल्या, पाणी लांब आहे, राहू दे.

ती : पाणी लांब आहे म्हणाली? स्वयंपाकघर तर चार पावलांवर आहे.

सासूबाई : तेच मी म्हटलं, अहो, चार पावलं! तर म्हणाल्या, पाय भरून आलेत, चप्पल चढत नाही. दूध आणायलाही गेले नाही कोपऱ्यावर, कोरा चहा घेतला. मी म्हटलं, माझेही सुजतात, पाय उशीवर ठेवून झोपा. तर काय म्हणाल्या माहितेय? झोपायचीच तर पंचाईत आहे. मी सध्या खुर्चीतच झोपते.

ती : खुर्चीत?

सासूबाई : हो, त्या हाताच्या खुर्चीत. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं म्हणे. उठून बसलं की बरं वाटतं. आधी दोन उशा लावून पाहिल्या, मग तीन, मग म्हणाल्या, त्यापेक्षा खुर्ची बरी. आणि शेवटी म्हणाल्या, पोरीला सांगू नका हं, तिची परीक्षा आहे, ती पुस्तक टाकून पळत येईल. मी म्हटलं, मी कशाला सांगते? पण तू आता पातेल्यापासून विचारलंस, तर मी तरी काय करू?

ती : तुला हे सांगितलं होतं त्यांनी?

नवरा : सांगितलं होतं. मी... बस गाठायची होती. माझ्या डोक्यात राहिलं ते एवढंच, झोप नीट नाही, पाय दुखतात. वयाचं असतं. म्हटलं, तुला काय सांगायचं? ठीक आहे म्हटलं.

ती : पाय दुखत नाहीयेत, सुजलेत. आणि झोप येत नाही असं नाही, आडवं होता येत नाहीये. आडवं झालं की श्वास अडकतो, आणि आता बसल्या बसल्याही धाप लागतेय. आजोबांचं हृदयाचं दुखणं असंच सुरू झालं होतं. तेही खुर्चीत झोपायचे आणि आम्ही हसायचो, म्हणायचो, आजोबा राजासारखे बसून झोपतात. फोन दे इकडे.

नवरा : लावतोय मीच. वाजतोय... वाजतोय... उचलत नाहीत.

सासूबाई : दुपारची वेळ आहे, झोपल्या असतील.

ती : खुर्चीतून फोन हाताला लागतो तिच्या. तिथेच तिपाईवर असतो. परत लाव.

नवरा : वाजतोय. बंद झाला.

सासूबाई : अगं, बस आधी.

ती : बसत नाही मी. अहो आई, बाळाला तुम्ही घ्या. दूध काढून ठेवलंय, फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात.

सासूबाई : बाळाची काळजी नको करू, मी समर्थ आहे. पण उद्याचा पेपर, पोरी?

ती : उद्याचं उद्या. तू गाडी काढ. आणि तिच्या डॉक्टरांचा नंबर आहे ना तुझ्याकडे? जाता जाता त्यांना फोन लाव. आणि हे बघ, त्यांना नुसतं "बरं वाटत नाही" असं सांगू नकोस. खुर्चीत झोपते, पाय सुजलेत, थांबत थांबत बोलते, फोन उचलत नाही. हे सगळं सांग. ह्याच क्रमाने.

नवरा : खुर्चीत झोपते, पाय सुजलेत, थांबत बोलते, उचलत नाही. सांगतो. किल्ली कुठे आहे? अगं, ऐक. मी मुद्दाम नव्हतं गाळलं.

ती : माहितेय मला. तू कधीच मुद्दाम गाळत नाहीस. माझा फोन इथे ठेव. किल्ली दाराला आहे, जा.

सासूबाई : तुम्हाला पोहोचायला वेळ लागेल. तोवर जवळचं कुणी आहे का तिथे?

ती : शिंपीकाका! भिंतीला भिंत लागून दुकान आहे त्यांचं, आईच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. थांबा, लावते. उचला, काका, उचला... हॅलो? काका, मी बोलतेय, शेजारच्या काकूंची धाकटी. हो, हो, बाळ छान आहे. काका, मशीन थांबवा जरा, ऐकू येत नाहीये मला. आई फोन उचलत नाहीये. सकाळी दुकानासमोर दिसली का ती?... काल पण नाही?... काका, एक काम कराल? आत्ताच्या आत्ता जाऊन दार वाजवा. उघडलं नाही तर किल्लीने उघडा, तिला राग येईल याचा विचार करू नका. मी फोन बंद करत नाही, तुम्हीही करू नका. आणि काका, ती तुम्हाला सांगेल मी ठीक आहे म्हणून. ते मला सांगू नका. ती कशी बसलीय, श्वास कसा घेतेय, ओठांचा रंग कसा आहे, जे दिसेल ते सगळं सांगा. कितीही वेळ लागू दे, मी ऐकतेय.