डेल्मा आंटी पास होत नाहीत

(ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या उसाच्या पट्ट्यातलं एक विद्यापीठ. आयव्हर इथे पॅसिफिक महासागरातल्या बेटांचा इतिहास शिकवतो. साठी ओलांडलेल्या डेल्मा आंटी त्याच्या वर्गात उरलेल्या एकट्या विद्यार्थिनी.)

आयव्हर: म्हणजे शेवटचा निबंध याही वेळी झाला नाही?

डेल्मा: गुडघा दुखत होता रे. बसवतच नव्हतं.

आयव्हर: मागच्या सत्रात डोळे होते.

डेल्मा: या वयात आळीपाळीनं दुखतं सगळं.

आयव्हर: आणि रविवारी चर्चमधल्या जेवणात उभ्यानं अख्खा निबंध वाचून दाखवलात, तेव्हा गुडघा बरा होता वाटतं? माझ्या शेजारीणबाई सांगत होत्या, सगळे रडले म्हणून.

डेल्मा: तिच्या पोटात काही राहील तर शपथ! बरं, झालाय. हा बघ, पिशवीत आहे. पण देणार नाही.

आयव्हर: का पण?

डेल्मा: मला कळत नाही असं समजू नकोस, मास्तर. त्यांनी नवीन मुलं घेणं बंद केलं, पण जुनं कुणी शिकत असेपर्यंत विषय चालवावा लागतो. जुनी उरले मी. मी पास झाले की तुझी नोकरी गेली.

आयव्हर: तुम्ही माझ्यासाठी अडून बसलात?

डेल्मा: तुझ्यासाठी? फार शेफारू नकोस. चार पिढ्या राबलो आम्ही बेटांवरची माणसं या उसात. आमचा इतिहास इथे नाही तर कुठे शिकवणार?

आयव्हर: कुठेच नाही. आधीच्या सरकारनं इतिहासाची फी वाढवली, मुलं नर्सिंगला गेली. मग परदेशी मुलांच्या फीवर आमचं भागायचं. आताच्या सरकारनं त्यांनाच आवर घातला. वरचे म्हणतात, गिऱ्हाईक नाही तो माल दुकानात कशाला?

डेल्मा: मी आहे की गिऱ्हाईक!

आयव्हर: शुक्रवारपर्यंतच. नियम बदललाय, मला काल कळलं. निबंध आला नाही तर तुमचं नाव काढून टाकणार. विषय तर जाईलच, तुमची पदवीही जाईल.

डेल्मा: असं कसं? मला विचारलं कुणी?

आयव्हर: मलाही नाही विचारलं.

डेल्मा: मग तू काय करणार?

आयव्हर: बघेन कुठेतरी. एखाद्या शाळेत शिकवेन. पण तुमची पदवी घालवून मला पगार नको, आंटी. घास उतरायचा नाही घशाखाली.

डेल्मा: आमच्या घरात तो झगा अन् ती टोपी घातलेला एकाचाही फोटो नाही रे.

आयव्हर: म्हणून तर मागे लागलोय.

डेल्मा: वाईट वाटतंय मला. तुझ्यासाठीसुद्धा. आता शेफार हवं तर.

आयव्हर: द्या तो निबंध.

डेल्मा: दयेचे गुण नकोत हं.

आयव्हर: तुम्हाला? लाल पेन काढूनच बसलोय.

डेल्मा: थांब. असा मुकाट्यानं नाही देणार. शेवटचा तास आहे ना? मग आज मी उभी राहते, तू बस समोर. आणि दार उघड आधी. खालच्या नर्सिंगवाल्यांनाही ऐकू जाऊ दे.

आयव्हर: उघडलं. वाचा.

डेल्मा: "माझ्या पणजोबांना तान्ना बेटावरून ऊस तोडायला या देशात आणलं, तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे सगळ्यांना परत पाठवायचं ठरलं, तेव्हाही नाही."