खंडेनवमीले गायब झालेली हार्ड डिस्क

हसू नका, मले अजून राग येते. जळगाव जामोदले माह्या फोटो स्टुडिओतल्या कंप्युटरमंधी दोन हार्ड डिस्का होत्या. एकीवर सिस्टीम, दुसरीवर गिऱ्हाइकायच्या लग्नाचे फोटो. कोणती कशाची, हे मीच बाबाले एकदा दाखवलं होतं. खंडेनवमीले दुकान बंद, म्हणून दुपारी नवी सिस्टीम टाकाले बसलो. टाकून पाह्यतो, तर फोटोवाली डिस्क दिसेच ना.

खामगावच्या कंप्युटरवाल्याले फोन लावला. तो म्हणे, "नव्या सिस्टीमले समजत नसन. फॉरमॅट मारा."

"अन् लोकायचे लग्नं काय पुन्हा लावू?" म्हणून मी फोन आपटला.

जुनी सिस्टीम परत टाकली, तरी डिस्क नाई. बाबा बाजूलेच चहा पीत बसले होते. म्हणे, "सापडन, सापडन."

शेवटी डब्बा खोलला. फोटोवाल्या डिस्कवर हळदकुंकू, झेंडूचं फूल, अन् तिची वायर काढून बाजूले ठेवलेली.

"बाबा, हे कोणं केलं?"

"म्या. सकाळी पूजा केली. आजच्या दिवशी अवजाराले आराम देतात, तुले माहीत नाई?"

"मंग सांगाचं नाई का? दुपारपासून मी बोंबलून राह्यलो."

"तू सणाच्या दिवशी कामाले काऊन बसला?"

"अन् मंग दुसरीले काऊन नाई देला आराम?"

"तिच्यावर काय हाये पूजा करासारखं? आपलं पोट फोटोवर चालते. सिस्टीम तर तू दरसाली बदलतो."