हाडातली टोळी

डब्याचं झाकण खणकन पडलं, नि नेकनूरच्या दवाखान्यातली शांतता मोडली. मांडीवरचं बाळ थोपटत शारदानं शेजारच्या जोडप्याच्या बोलण्याकडं कान दिला.

“भिवरे, तुजा हात जुळंल का दसऱ्यापतूर? न्हाईतर यंदा ऊसतोडीला आपला कोयता मोडला.”

“जुळंल की! डॉक्टरीणबाई म्हनल्या, रक्ताच्या मूळ पेशीपसूनच हाड खानाऱ्या पेशी निपजत्यात.”

“खानाऱ्या? आन् तू हसतीस?”

“अवं, जुनं खाल्ल्याबिगर नवं बसत न्हाई. उसाचा बुडखा छाटल्यावरच खोडवा फुटतो ना? आन् असल्या लई पेशी मिळून एकच मोठी पेशी बनती म्हनं.”

“म्हंजी आपल्यावानी! दोघं मिळून एक कोयता.”

“व्हय, पर त्यातलं कुनी बिडी वडत बसत न्हाई.”

दोघं खळखळून हसली. त्यांच्या चिमुकलीनं आईच्या प्लॅस्टरवर बोट फिरवलं.

“माय, त्या पेशी तोडनीला गेल्या की त्यांची लेकरं कुनापाशी राहत्यात?”