त्रेपन्नावा अध्याय वाचायचा नाही

—नाही, पाळकसाहेब, माझ्या मोनिकाच्या शोकसभेत यशया संदेष्ट्याचा त्रेपन्नावा अध्याय वाचला जाणार नाही. बसा. चहा निवतो आहे. काय म्हणता — जावयाच्या घरच्यांची तशी इच्छा आहे? असणारच! मारणाऱ्यांना मुक्या कोकराचा अध्याय फार आवडतो. तिने सोसलं, तोंड उघडलं नाही, म्हणून तो तिला शोभतो? तुषार — चुकले, पाळकसाहेब — हा अध्याय तुम्हाला शिकवला कोणी? मीच ना, शब्बाथशाळेत? रथात बसून तो वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याने फिलिप्पाला काय विचारलं होतं? विसरलात. संदेष्टा हे कोणाविषयी सांगतो आहे, असं विचारलं होतं. आणि उत्तर? ख्रिस्ताविषयी. शेकडो वर्षं आधी सांगितलं गेलं आणि एकदाच, एकाच्याच ठायी पूर्ण झालं. या उत्तराला मी पूर्ण गुण द्यायचे — आणि स्वतःच्या मुलीच्या वेळी मीच नापास झाले.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात ती नागापूरच्या सासरहून रिक्षाने आली — जबडा सुजलेला, दोन दात रुमालात बांधलेले. आमची लंकाबाई भांडी टाकून धावली, “बाई, पोरीला माघारी धाडू नगा, त्यो रविराज जीव घील तिचा.” लंकाबाईला अक्षर येत नाही, मी सहासष्ट सालची मॅट्रिक! मी म्हटलं, मोनिका, कातरणाऱ्यापुढे मेंढी कशी उभी राहते, म्हणून दाखव. तिने फुटक्या ओठांनी सबंध अध्याय म्हटला. एके ठिकाणी चुकली — मी दुरुस्त केलं. हो, दुरुस्त केलं! आणि त्याच रिक्षात परत बसवलं. मंडळीत चर्चा नको म्हणून.

मग ती गेली त्या शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला. बोलली नाही. नुसता आवाज — भिजलेल्या पोत्यावर मुसळ घालावं तसा — पुन्हा, पुन्हा — आणि रविराज ओरडत होता, “बोल ना, बोलव तुझ्या आईला!” हाड मोडल्याचा आवाज फोनवरूनसुद्धा येतो, पाळकसाहेब. ती गप्प. एवढं पाठांतर चोख! आणि मी? कानाला फोन लावून मीही गप्प — ‘मोनिका’ एवढंसुद्धा म्हटलं नाही…

हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. पोलिसांनाही सांगितलेलं नाही. ‘जिन्यावरून पडली असेल’ असा जबाब दिला आणि खाली स्वच्छ अक्षरात सही केली.

वाचायचंच असेल, तर दहा अध्याय पुढे जा. सूडाच्या दिवशी द्राक्षकुंड तुडवत येणारा तो — रक्ताने वस्त्रं माखलेला — त्याच्यातही आपले लोक ख्रिस्तच पाहतात ना? मग तो व्यासपीठावरून कधी का वाचत नाही तुम्ही? क्षमा? क्षमेविषयी मला आज शिकवू नका.

लंकाबाई, माझी काठी आण, आणि रिक्षा थांबव — पोलीस ठाण्यात जायचं आहे. वाचून दाखवतील त्यावर सही नाही करायची आता. मी बोलेन, त्यांनी लिहायचं.

चहा राहू दे, तुषार. ऊठ.