सालीचा चहा

सौसरच्या बसस्टँडवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर एक नवरा-बायको बोलत होते.

"पोरीच्या घरी गेली त तिनं चहा म्हणून हिरवं पाणी देल्लं हाती. ना दूध, ना साखर. एक घोट घेतला अन् तोंडच वाकडं झालं माहं."

"मंग? फेकला काय?"

"नाई जी. तिनं दुसरा पाजला. गवती चहा, अद्रक अन् संत्र्याच्या साली. तो लय आवडला. आपल्या बागेचाच वास येत होता त्याले."

"साली कुठून आणल्या तिनं?"

"म्याच देल्ल्या मागच्या बारीले, वाळवून डबाभर. दिवस गेले हायेत त दुधाचा चहा पाहवत नाई तिले. रोज हाच पिऊन राहिली."

"घरच्या झाडाच्याच ना?"

"घरच्या झाडाले यंदा बहार कुठं होता? मंडीच्या मालातल्या घेतल्या. कशा चकचकीत होत्या!"

"कांता!"

"काय झालं जी?"

"अवं, फवारा मारत नाई म्हणून त घरचं झाड वेगळं ठेवतो आपण! मंडीच्या मालावर तोडाईच्या आदल्या हप्त्यातच औषध मारलं होतं म्या."

"अरे देवा! म्या त धुतल्या होत्या. उनात वाळवल्या होत्या."

"धुतल्यानं जाते काय ते? फोन लाव तिले. आत्ता लाव!"

"हॅलो, प्रज्ञा? बाई, तो सालीचा चहा नको पिऊ... काय?"

"काय म्हणते?"

"म्हणते, डबा कालच संपला. येताना आणखी घेऊन ये."