गेमचा पार्ट

चंपतराव: गेमचा पार्ट कोनता, तेवढा दाखव मले. तो काढून टाक, बाकी सगळं कम्प्युटरात भर.

संघपाल: काका, असा येगळा गेमचा पार्ट नसते. हे ग्राफिक कार्ड. याच्यावर गेम बी चालते अन् व्हिडिओचं एडिटिंग बी.

चंपतराव: मंग तेच काढ.

संतोष: बाबा, तेच काढलं तर लग्नाचे व्हिडिओ कशावर करू? आता लोकायले ड्रोनचं शूटिंग पायजे. कार्ड नसलं तं एका व्हिडिओले सारी रात जाते, रात.

चंपतराव: जाऊ दे. वांगं बी एका रातीत लागत नाई.

संघपाल: साठ हजारात बसवाचं असंल तर मी सांगतो. काचेचा डब्बा सोडा, साधा घ्या. रॅम सध्या कमी टाकू, मागून वाढवता येते. पण कार्ड अन् हा पावर सप्लाय, इथं कंजूषी करू नका.

चंपतराव: (पावर सप्लाय हातात तोलत) हा जड हाय, हा दे. पण कार्ड नाई मंजे नाई.

संतोष: काऊन पण? तामसीहून बसनं आलो, सारं आदिलाबाद फिरलो. संघपालदादा तेवढे धड समजावून राह्यले, तं तुमी अडून बसले!

चंपतराव: काऊन इचारतं? तुह्या मावशीच्या शेजारच्या कौशल्याबाईचं पोरगं, भैंशातलं. तुह्याच वयाचं. गेमात घुसलं अन् एक दिवस घर सोडून गेलं. बस आली का ते बाई अजून स्टँडवर पाहाले जाते. मले भेव लागते बापा. तू एकच हाईस आमाले.

संतोष: बाबा, त्याच्यापाशी कम्प्युटर नव्हता.

चंपतराव: नव्हता?

संतोष: नाई. फोनवर खेळे तो. पैशाचे गेम. त्याले कार्ड-बिर्ड काईच लागत नाई.

संघपाल: खरं हाय काका. ते तं कोनत्याई फोनवर चालते.

चंपतराव: फोन तं मीच घेऊन देल्ला याले.

संघपाल: सगळेच देते आता.

चंपतराव: संतोष. तू खेळतं काय?

संतोष: घरी जाऊन बोलू ना.

चंपतराव: इथंच बोल.

संघपाल: मी चहा सांगून येतो. तुमी बोला.

चंपतराव: नाई, बस तू. मले एकट्यानं ऐकवनार नाई.

संतोष: खेळतो, बाबा. आज सोडतो म्हनतो अन् हात आपोआप जाते. संडासात, वावरात, आई जेवाले बलावते तवा बी. त्या पोराचं ऐकलं तवापासून मलेच माह्यं भेव वाटून राह्यलं. म्हनून तं कम्प्युटर मांगतो. कामात हात गुंतून राहीन. बैठकीत ठेवू, स्क्रीन तुमच्या खाटेकडं करू. मी काय करून राह्यलो ते सगळ्यायले दिसंल.

चंपतराव: कौशल्याबाईले मी म्हनलं होतं रे. तुमचंच ध्यान नव्हतं पोराकडं, असं. तोंडावर म्हनलं.

संघपाल: पानी घ्या काका.

चंपतराव: नको. टाक बापा ते कार्ड. टाक.

संघपाल: टाकतो. अन् याले सध्या बटनाचा साधा फोन घेऊन द्या.

संतोष: हा आताचा फोन घ्या बाबा. आजपासून तुमच्यापाशी ठेवा.

चंपतराव: अन् तू मांगला तं?

संतोष: मांगीन. लय मांगीन. काई बी कारन सांगीन, खोटं बोलीन. तरी देऊ नका.

चंपतराव: चिडला तं? जेवला नाई तं?

संतोष: तरी बी नाई.

चंपतराव: मले नाई म्हनता येते काय रे तुले?