गोदाचं खळं

केरू : हे काय खळं हाय, वयनी? इमान उतरायची जागा ही, आणि मला म्हणतेस वहाणा काढ!

गोदा : सारवलेल्या भुईवर कुणी वहाणा घालून येतं काय, भावजी? काढा आधी.

केरू : नाय काढत, जा! सारवलंस तरी कशाला? इमानाला काय पानावर जेवायला बसवायचंय? अख्खा गाव हसतोय.

गोदा : हसू दे. धूळ उडू नये म्हणून सारवलं.

गंगा : आणि केरूदादा, हसणाऱ्यांत पयले तुम्हीच!

केरू : तू गप गो, गंगे. कालची पोर! वयनी, हितं खड्डा होता, पावसाळ्यात म्हशी डुंबायच्या त्यात. आम्ही बाप्यांनी ओवरसियरला सांगितलं होतं, हा भरून टणक व्हायचा नाय. तू मधीच तोंड घातलंस, "आम्ही बायका चोपतो!"

गोदा : मग चोपला की! खाली जांभ्याची खडी, वर माती, आणि खळ्याला चोपतो तसा चोपला. हातांचे फोड बघा. आमच्या खळ्यात बैलाचा खूर रुतलाय कधी?

केरू : बैल आणि इमान एक काय? आज पयलं इमान यायचंय, चाक रुतलं तर नाकावर पडेल ते. मग उद्यापासून बायकांना काम बंद आणि तुझी मुकादमी गेली, ओवरसियर बोललाय तसं. माझा दादा वारल्यावर घरात गप बसली असतीस तर...

गोदा : गप बसून चूल पेटत नाय, भावजी.

गंगा : आलं! आलं गो बाये! किल्ल्याच्या वरून, समुद्राच्या अंगानं!

(घरघर वाढत जाते. गोदा पदर तोंडाशी धरते, पण बुजवलेल्या खड्ड्यावरची नजर काढत नाही.)

केरू : मागं हो, वयनी!

गोदा : नाय होत. रुतलंच तर माझ्या डोळ्यांदेखत रुतू दे.

गंगा : टेकलं! धावतंय... खड्ड्याकडंच येतंय गो!

गोदा : आई भगवती, लाज राख!

गंगा : गेलं! सरळ वरून गेलं! जरा डगमगलंसुद्धा नाय!

गोदा : गेलं? खरंच गेलं? अगो, नीट बघ. माझे डोळे भरलेत, दिसत नाय.

गंगा : रडतेस काय, हास की! जिंकलीस, बाये! तो बघ, ओवरसियर टोपी हलवतोय. "मुकादम कुठंय" म्हणून ओरडतोय. काय केरूदादा, तुम्हाला बोलवतोय काय?

केरू : नाय गो. तिलाच. जा वयनी, डोळे पूस आणि ताठ चाल.

गोदा : तुम्ही पण चला की. अहो, वाकलात कशाला खाली?

केरू : वहाणा काढतोय.

गोदा : आता राहू दे, भावजी. तो इमानवाला सायब बघा, बूट घालून खुशाल फिरतोय.

केरू : त्याला ठाऊक नाय. मला ठाऊक हाय.